कात्री लावण्याआधी

सुट्टीत एकदम दोन-तीन गोधड्या सुरू करायचा विचार आहे? खुशाल करा. फक्त कुठल्या गोधडीला कुठलं कापड, हे आधी ठरवा. कारण काही कापडं दुकानात पुन्हा मिळतात, काही मिळत नाहीत.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यास सोडून जगातलं सगळं शिकावंसं वाटतं. कुणी युकुलेले मागवतं, कुणाला अचानक क्रोशाची सुई हवी असते. या यादीत हल्ली गोधडीही बरीच वर सरकली आहे. रीलमध्ये रंगीत चौकोन पटापट जोडले जातात, तीस सेकंदांत गोधडी तयार होते आणि शेवटी तिच्यावर एक मांजर येऊन झोपतं. मग आपलंही ठरतं, की सुट्टी लागली की गोधडी करायची. एक कशाला, तीन करू! एक ताईच्या बाळासाठी, एक जुन्या जीन्सची होस्टेलवर न्यायला आणि एक आजीच्या साड्यांची.

यावर घरातून येणारी प्रतिक्रिया ठरलेली असते, ‘आधी एक तर पूर्ण कर!’

एरवी हा सल्ला बरोबर असेलही, पण गोधडीच्या बाबतीत एकदम तीन काढणं तितकं वेडेपणाचं नाही. गोधडीतली कामं वेगवेगळ्या जातीची असतात. कापड मोजून कापायला मोकळी फरशी आणि शांत डोकं लागतं. चौकोन जोडायला शिलाई मशीन लागतं. धावदोरा घालायला मात्र सुई-दोरा आणि एखादी वेबसिरीज पुरते. एक गोधडी कापण्यावर, एक जोडण्यावर आणि एक धावदोऱ्यावर असेल, तर मूड कसाही असला तरी त्या दिवशी करण्यासारखं काहीतरी हाताशी असतं.

गडबड होते ती दुसरीकडे. तिन्हींसाठी घरातले सगळे जुने कपडे एकाच ढिगात येतात. त्यात जॉर्जेटची साडी, डेनिम, ताणलेला टी-शर्ट आणि नवं कोरं कॉटन एकत्र. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून सगळ्याला एकदम कात्री लागते. पहिल्या धुण्यात कोरं कापड आटतं, जॉर्जेट आहे तसंच राहतं, त्या दोघांच्या मधल्या शिवणीला चुण्या पडतात आणि लाल तुकड्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. आणि त्या ढिगात आजीची एकुलती एक इरकल असेल, तर तीही त्यातच गेलेली असते.

म्हणून सुरुवात डिझाइनपासून नको, कापडापासून करू.

गोधडीचं कापड गेलं कुठे?

आपल्याकडची गोधडी मुळात विकत घेतलेल्या कापडाची नव्हतीच. नेसून नेसून मऊ झालेलं सुती लुगडं, आजोबांचं धोतर, विटलेले सदरे, पोरांचे झबले-परकर. कुठे तिला गोधडी म्हणतात, कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ. कापडाचे नुसते चार पदर एकत्र शिवले की चौघडी. रीत साधी. जास्त विरलेलं कापड आत, धड असलेलं बाहेर आणि सगळ्या थरांना धरून ठेवणारा धावदोरा. सुती कापड वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं असायचं, आटायचं तेवढं आधीच आटलेलं असायचं, जायचा तो रंग गेलेला असायचा. म्हणजे आज क्विल्टिंगच्या व्हिडिओंमध्ये ‘कापड आधी धुऊन घ्या’ असं जे शंभरदा बजावतात, ते काम वापरानंच होऊन जायचं.

मग कपाटं बदलली. नायलॉन आलं, टेरीकॉट आलं, धुवायला सोप्या आणि इस्त्री न लागणाऱ्या पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या नेसणाऱ्या बाईचे कष्ट वाचले, हे विसरून चालणार नाही. जुने कपडे बोहारणीला देऊन त्या बदल्यात स्टीलची भांडी घेण्याची सोयही होतीच. त्यामुळे आज आईच्या कपाटात ‘जुन्या साड्या’ शोधायला गेलात, तर हाताला लागणाऱ्या बऱ्याचशा सिंथेटिक असतात. गोधडी शिवणारे हात अजून आहेत, पण तिचा मूळचा कच्चा माल कमी होत चाललाय.

सिंथेटिक साड्यांच्या गोधड्या होतच नाहीत, असं नाही. गावोगावी आता त्याच दिसतात. रंग झगझगीत राहतात, पटकन वाळतात. पण घाम शोषत नाहीत, थर एकमेकांवरून घसरतात आणि सुती कापडासारखी ऊब देत नाहीत. म्हणून निदान आपल्या हातात काय आहे, ते ओळखता यायला हवं.

ओळख परेड

लेबल असेल तर प्रश्नच मिटला. जुन्या कपड्यांवर ते नसतंच. मग तीन सोप्या चाचण्या.

पहिली, मुठीची. कापड मुठीत घट्ट दाबून दहा सेकंदांनी सोडा. सुती कापड चुरगळलेलं राहतं, पॉलिएस्टर पुन्हा सरळ होतं.

दुसरी, पाण्याची. वापरलेल्या, धुतलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. सुती कापड तो लगेच पितं, सिंथेटिकवर तो बराच वेळ तसाच बसून राहतो.

तिसरी, जाळून पाहायची. काठाचे दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची वाटी ठेवा आणि काडी लावा. हे घरी ओट्यापाशी, मोठं कुणीतरी बरोबर असताना करायचं, होस्टेलच्या खोलीत नाही. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, राख मऊ आणि करडी. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा कण बोटांनी चुरडता येतो. पॉलिएस्टर आधी वितळतं, मग त्याचा कडक मणी होतो, तो चुरडत नाही. टेरीकॉटसारख्या मिश्र कापडात राखही दिसते आणि मणीही.

यानंतर एका ढिगाचे चार ढीग करायचे. सुती, जाड (डेनिम, कॉर्डरॉय), ताणलं जाणारं (टी-शर्ट) आणि सिंथेटिक-रेशमी. नियम एकच, एका गोधडीत एकाच ढिगातलं कापड. तीन गोधड्या एकदम काढण्याचा खरा फायदा इथे आहे. प्रत्येक कापडाला स्वतःची जागा मिळते, बळजबरीनं एकत्र कोंबावं लागत नाही.

पहिली : विकतच्या कापडाची

शिकण्यासाठी नवं सुती कापड घ्या. वरवर पाहता हे गोधडीच्या मूळ कल्पनेविरुद्ध वाटेल. पण चुकायला मोकळीक हवी असेल, तर कापड पुन्हा मिळणारं हवं. कॅम्ब्रिक किंवा पॉपलीन मागा. पुण्यात रविवार पेठेतलं कापडगंज, मुंबईत मंगलदास मार्केट किंवा दादरचं हिंदमाता, आणि तुमच्या गावातलं ब्लाऊजपीस-अस्तराचं दुकान, कुठेही हे मिळतं. बेडशीटचं कापड स्वस्त पडतं म्हणून मोह होतो, पण त्याची वीण फार दाट असली तर हातानं सुई घालताना बोटं दुखून येतात.

आकार लहान ठेवा. बाळाचं दुपटं ३० इंच बाय ४० इंच धरू. तयार चौकोन ५ इंचांचा हवा, तर कापताना साडेपाच इंच कापायचा. चारही बाजूंना पाव-पाव इंच शिवणीत जातं. या जादा सोडलेल्या कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. कापडात माया ठेवायची, नाहीतर शिवण उसवते. एका ओळीत सहा आणि अशा आठ ओळी, म्हणजे ४८ चौकोन. ४४ इंच पन्ह्याच्या एका मीटर कापडातून, किनार सोडली तर, साधारण ४९ चौकोन निघतात. म्हणजे सहा वेगवेगळ्या कापडांचे आठ-आठ चौकोन हवे असतील, तर प्रत्येकाचं पाव मीटर पुरतं. पाव मीटरच्या एका पट्टीत सात चौकोन बसतात, वरचा एखादा उरलेल्या तुकड्यातून जोडून घेता येतो. दुकानदार पाव मीटर द्यायला कुरकुरला, तर अर्धा मीटर घ्या. उरलेलं पुढच्या गोधडीला होतं.

अस्तराचं कापड मात्र आधीच पूर्ण घ्या. मागचा भाग सलग असतो आणि नंतर गेलात तर त्याच ताग्यातला तोच रंग मिळेल याची खात्री नाही. मांजरपाटही चालतं. पहिल्या धुण्यात ते चांगलंच आटतं, पण नंतर मऊ होतं.

आणि घरी आणल्याआणल्या सगळी कापडं धुवायची. लाल, मरून, गडद निळं वेगवेगळं भिजवायचं. रंग जातो का, हे बघायला ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून वरून इस्त्री फिरवा. रुमालावर डाग आला, तर ते कापड पुन्हा धुवा. तीन धुण्यांनंतरही रंग जातच असेल, तर त्याला या गोधडीत जागा नाही. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात ठेवलं की रंग पक्का होतो, असं सांगितलं जातं. बाजारातल्या तयार रंगीत कापडावर त्याचा भरवसा धरू नका.

दुसरी : जीन्सची

कॉलेजमधल्या प्रत्येकाकडे एकतरी अशी जीन्स असते, जी गुडघ्यात फाटलीय, कमरेला होत नाही, पण टाकवत नाही. तिची गोधडी उत्तम होते आणि ती होस्टेलवर, ट्रेकला, गच्चीवर कुठेही वापरता येते.

पण डेनिमचं वजन आधी लक्षात घ्या. १२ औंसाचं डेनिम म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम. ४८ बाय ६० इंचांची गोधडी करायची, तर शिवणीत गेलेलं कापड धरून नुसता वरचा थरच एक किलोच्या आसपास भरतो. म्हणून आत कापूस-बिपूस काही घालायचं नाही, खाली जुनी सुती चादर पुरे. चौकोन मोठे ठेवा, तयार ६ इंच, कापायचा ७ इंच. इथे माया अर्धा इंच, कारण डेनिमचे धागे सुटतात. ८० चौकोन लागतात, त्यासाठी पाच-सहा जीन्स. तेवढ्या एकट्याच्या निघणार नाहीत, पण ग्रुपमध्ये विचारलं की दोन दिवसांत ढीग जमतो. मशीनला १६ नंबरची सुई लावा, शिवणी दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री करा आणि जाड जोड एकावर एक आले तर चाक हातानं फिरवा.

निळ्याच्या किती छटा असतात, हे डेनिमचे तुकडे शेजारी-शेजारी ठेवल्यावर कळतं. खिशाखालचा न विटलेला गडद चौकोन, मांडीवरचा पांढुरका भाग, पायाची दुमड उसवल्यावर दिसणारी काळपट रेघ. हे सगळं मुद्दाम दिसू द्या.

कामाच्या कपड्यांचं हे सौंदर्य जगाला दाखवलं ते अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या छोट्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी. गुलामगिरीत राबलेल्यांच्या या लेकी-सुना. शेतात वापरलेल्या पँटी, पोत्याचं कापड, जे हाताशी होतं त्याच्या गोधड्या त्या थंडीसाठी शिवत. तिथल्या परिसरात १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची बायकांची सहकारी संस्था निघाली. १९७२ मध्ये तिला सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीकडून कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. त्या कामातून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायकांच्या घरी आले आणि त्या काळातल्या तिथल्या गोधड्यांमध्ये सोनेरी, मातकट, हिरवट कॉर्डरॉय दिसू लागलं. पुढे २००२ मध्ये याच गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी या नामांकित कलासंग्रहालयात भरलं, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. मुळात त्या बायकांनी रंग निवडले ते घरात काय आहे, हे बघून.

याच पद्धतीनं टी-शर्टचीही करता येते. फिरोदिया, पुरुषोत्तम, कॉलेजचा फेस्ट, एनएसएसचा कॅम्प, तीन वर्षांत दहा-बारा टी-शर्ट जमतातच. फक्त ते कापड ताणलं जातं, म्हणून चौकोन कापण्याआधी मागून इस्त्रीनं चिकटणारं फ्यूजिंग लावून घ्या. शिंप्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात ते मिळतं. थर्ड इयरच्या फेअरवेलला ग्रुपनं मिळून करण्यासारखा हा प्रकार आहे. गोधडी शेवटी कुणाकडे राहणार, हे मात्र आधीच ठरवा.

तिसरी : आजीच्या साड्यांची

ही गोधडी यादीत पहिली लिहिली जाते आणि म्हणूनच घाई होते. हिचं कापड आधी गोळा करायला घ्या, कात्री मात्र सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन गोधड्यांवर हात बसू द्या.

गोळा करण्याचं काम वाटतं त्यापेक्षा मोठं आहे, कारण त्यात कापडापेक्षा बोलणं जास्त असतं. आधी विचारायचं. ‘आजी, ही घेऊ का गं कापायला?’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. काही साड्या ती हसत देईल. काहींवरून नुसता हात फिरवेल आणि पुन्हा घडी घालून ठेवेल. ती ठेवलेली साडी मागायची नाही. आजी नसेल, तर आई, मावशी, आत्या, काका सगळ्यांना विचारा. एकीनं प्रेमानं केलेली गोधडी दुसरीसाठी ‘आईची शेवटची साडी फाडली’ अशी आठवण होऊ शकते. नात्यातली अशी शिवण उसवली की पुन्हा घालणं अवघड.

दुसरं काम, प्रत्येक साडीची माहिती लिहून घ्यायची. कुठे घेतली, कुणी दिली, कधी नेसली. इरकल, नारायणपेठ, चंद्रकळा ही नावं आपल्याला पुस्तकातून माहीत असतात. पण ‘ही तुझ्या बाबाच्या बारशाला घेतलेली’ हे फक्त एकाच माणसाला माहीत असतं. कापड जपून ठेवता येतं. ते सांगणारं माणूस कायम असेलच असं नाही. फोनवर रेकॉर्ड करा, नाहीतर चिठ्ठी लिहून साडीच्या घडीत ठेवा.

तिसरं, कापडात जीव किती आहे ते बघा. साडी उजेडासमोर धरा. विरलेल्या जागा लगेच दिसतात. मग दोन्ही हातांत धरून हलका झटका द्या. टरकन आवाज आला, तर तो भाग आतल्या थराला. टिकला, तर बाहेर. जरीचा काठ टोचतो, म्हणून तो चेहऱ्याशी येईल असा लावू नका. पैठणीसारखं रेशीम तर या गोधडीत नकोच, तिचं धुणं वेगळं, वजन वेगळं.

साड्यांचे चौकोन करायलाच हवेत, असंही नाही. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या जवळपास. तिचे लांबीत तीन सारखे तुकडे केले, तर प्रत्येक पावणेतीन मीटरच्या आसपास. ४५ इंच पन्हा धरून ते शेजारी-शेजारी जोडले की रुंदी १३५ इंच होते. ती मधोमध दुमडली, की वरचा आणि खालचा असे दोन्ही थर एका साडीत निघतात, एका माणसाला पुरून उरतील एवढे. पदर कुठे येणार आणि काठाची रेघ कुठून जाणार, तेवढं ठरवायचं. आपल्याकडच्या बायका हे हिशोब कागद-पेन्सिलीशिवाय करत आल्या आहेत.

तुकडेच लावायचे असतील, तर एक वेगळी रीत बघण्यासारखी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. यांतल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. तिथून पळून ते घाटातल्या जंगलांत वसले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. तिच्यात आधी चौकोन जोडून मग शिवणं असा प्रकार नसतो. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तुकड्याची कड आत दुमडायची आणि धावदोरा घालत कडेकडेनं फिरत मध्याकडे यायचं. तुकडा जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं. पुढचा तुकडा कुठला, हे त्या त्या वेळी ठरतं. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. ती लागल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली, असं मानत नाहीत.

एखाद्याच्या कपड्यांत त्या माणसाचं काय उरतं, याचा सगळ्यात मोठा पुरावाही गोधडीच आहे. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये एड्सनं गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक भलीमोठी गोधडी जमिनीवर अंथरली गेली. तिच्यात १,९२० भाग होते, प्रत्येक भाग तीन फूट बाय सहा फूट, साधारण कबरीएवढा. मित्रांनी, जोडीदारांनी, आयांनी ते शिवले होते. गेलेल्या माणसाचे शर्ट, जीन्स, टाय असं काय काय त्यावर होतं. सरकार या आजाराबद्दल बोलायला कचरत होतं, त्या काळात ही माणसं नावानिशी सगळ्यांसमोर आली.

रंग जुळवताना

तिन्ही गोधड्यांना लागू पडणारी एक युक्ती. रंग ‘मॅच’ होतात का, यापेक्षा गडद आणि फिकं पुरेसं वेगळं दिसतंय का, हे बघा. सगळे तुकडे फरशीवर मांडा, फोननं फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. सगळं एकसारखं करडं दिसलं, तर लांबून ती गोधडी एका सपाट पट्ट्यासारखी दिसणार. साधारण एक तृतीयांश गडद, एक तृतीयांश फिकं आणि उरलेलं मधलं ठेवलं, की नक्षी उठून दिसते. छापही लहान-मोठी मिसळा. सगळीकडे बारीक फुलंच असतील, तर नजर कुठे थांबत नाही. मधूनमधून एक साधा, एकरंगी तुकडा लागतोच.

कापताना धागा सरळ धरा. उभा-आडवा धागा सोडून तिरकं, म्हणजे उरेब कापलं, तर तुकडा ताणला जातो आणि चौकोनाचा पतंग होतो.

आता थोडं गणित

एका माणसाची गोधडी ६० बाय ९० इंचांची. धावदोऱ्याच्या रेघा एकेक इंचावर घातल्या, तर ९० इंचांच्या ६० रेघा. ही लांबी होते १३७ मीटर. इंचाला चार टाके धरले, तर २१,६०० टाके. सगळ्या थरांतून सुई काढत मिनिटाला दहा टाके घातले, तरी ३६ तास. कापणं, जोडणं, इस्त्री वेगळं. बऱ्याच जुन्या गोधड्यांमध्ये रेघा याहून कितीतरी जवळ असतात.

हा आकडा दोन कामांसाठी लक्षात ठेवा. एक, स्वतःसाठी. रोज अर्धा तास दिला, तर मोठी गोधडी अडीच महिने घेते आणि सेमिस्टर त्याहून मोठी असते. बाळाचं दुपटं त्याच वेगानं आठेक तासांत होतं. म्हणूनच ते पहिलं. दोन, प्रदर्शनात किंवा गावात हातानं शिवलेली गोधडी विकत घेताना. ‘जुन्या कपड्यांचीच तर आहे, कमी करा ना मावशी,’ असं म्हणण्याआधी हे ३६ तास डोक्यात आणा. कापड जुनं असतं, पण वेळ त्या बाईचा असतो. घरची साडी देऊन गोधडी शिवून घेत असाल, तर मजुरी आधी विचारा आणि ठरलेली द्या.

सुरुवात करताना हाताशी ठेवा

• प्रत्येक गोधडीसाठी वेगळी पिशवी. आत एक चिठ्ठी : आकार, किती चौकोन, चौकोन किती इंचांचा, माया किती, कुणासाठी. तीन आठवड्यांनी पुन्हा हातात घेतल्यावर ही चिठ्ठीच वाचवते.

• कापडाची कात्री वेगळी. तिनं कागद कापला की धार गेली.

• धावदोऱ्यासाठी मजबूत सुती दोरा आणि मोठ्या नेढ्याची सुई. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला. पहिल्या दिवशी ते अडचणीचं वाटतं, दुसऱ्या दिवशी नसलं तर बोट दुखतं.

• थर सरकू नयेत म्हणून आधी हातभर अंतरावर लांब कच्चे टाके किंवा सेफ्टी पिना.

• चौथी गोधडी सुचली, तर पिशवीत कापड ठेवा, चिठ्ठी लिहा. कात्री मात्र आधीच्या तिघींपैकी एक पूर्ण झाल्यावर.

आणि या शनिवारी दुकानात जाण्याआधी घरातलं एक कपाट उघडून त्यातल्या जुन्या साड्यांबद्दल कुणाला तरी विचारा. कापायचं नंतर बघू. आधी ऐकून घ्या, लिहून घ्या. दुकान नंतरही उघडं असतं.